गिधाड, गोठा आणि आपलें वाङ्मय

प्रत्येक भाषेंत कांहीं प्राण्यांस जन्मठेपेची शिक्षा झालेली असते. मराठींत गाढव मूर्खपणाबद्दल, घुबड अशुभाबद्दल, कोल्हा लबाडीबद्दल आणि सरडा रंग बदलण्याबद्दल ती शिक्षा भोगीत आहे. म्हण आणि शिवी यांच्या न्यायालयांत अपील नसल्यामुळें या कैद्यांची बाजू कोणी ऐकून घेतल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. या सर्वांत कठोर शिक्षा गिधाडास झाली आहे. मढ्याच्या टाळूवरचें लोणी खाणारा जो कोणी असेल, मग तो सावकार असो, दलाल असो कीं मृत्युपत्रावर डोळा ठेवून बसलेला भाचा असो, त्यास आपण गिधाड म्हणतों. आणि एवढें म्हटलें म्हणजे त्याच्याविषयीं आणखी कांहीं सांगण्याची गरज आपणांस वाटत नाहीं. प्रस्तुत लेखांत या शिवीचा थोडा विचार करावयाचा आहे. वाङ्मयसमीक्षकानें पशुवैद्यकाच्या प्रांतांत शिरूं नये, हा संकेत आम्हांस माहीत आहे. परंतु शब्दाचा अर्थ ज्या वस्तूवर उभा असतो ती वस्तुच नाहींशी झाली, तर समीक्षकास त्या वस्तूची चौकशी करणें भागच पडतें.

या विचाराचें निमित्त असें घडलें. गेल्या वर्षीं पदवीच्या वर्गास आम्ही विजय तेंडुलकरांचें 'गिधाडे' शिकवीत होतों. १९७० सालीं रंगभूमीवर आलेलें हें नाटक वाचकांच्या परिचयाचें आहे. इस्टेटीसाठीं बापाच्या जिवावर उठलेले मुलगे, त्यांच्याच तोलाची बहीण, तितकाच हिशेबी बाप, आणि या घरांत होरपळणारी रमा व तिच्याकडे बाहेरून पाहणारा रजनीनाथ, असा तो संसार आहे. शीर्षकाच्या समर्पकतेविषयीं बोलतां बोलतां आम्हीं सहज विचारलें, "तुमच्यापैकीं गिधाड कोणी पाहिलें आहे?" वर्गांत साठांवर विद्यार्थी होते. चित्रांत, चित्रपटांत आणि दूरध्वनीच्या पडद्यावर सर्वांनीं पाहिलें होतें. जिवंत गिधाड पाहिल्याचें सांगण्यासाठीं मागच्या बांकावरून एकच हात वर झाला. त्या हाताकडे आम्ही शेवटीं येऊं. येथें सांगावयाचें तें इतकेंच, कीं त्या क्षणीं नाटकाचें शीर्षक आम्हांस एकदम परकें वाटूं लागलें. नाटककारानें तें योजिलें तेव्हां गांवोगांवच्या आकाशांत गिधाडांचीं वर्तुळें फिरत होतीं. प्रेक्षक नाट्यगृहांत येतांना तो पक्षी मनांत घेऊन येत असे. आजचा प्रेक्षक केवळ शिवी घेऊन येतो.

या रूपकाविषयीं आमची पहिली तक्रार अशी, कीं तें मुळांतच बरोबर बसत नाहीं. गिधाड जिवंतास सहसा छळीत नाहीं. तें मेलेलें खातें. नर आणि मादी मिळून घरटें करतात, वर्षाकांठीं एकच अंडें घालतात, तें आळीपाळीनें उबवितात आणि एकच पिल्लूं कित्येक महिने दोघेंहि पोसतात. तेंडुलकरांच्या नाटकांतील कुटुंबांत यांपैकीं एकहि गुण आढळत नाहीं. तात्पर्य, तें कुटुंब गिधाडांचें असतें तर त्या घरांत बापाचा छळ झाला नसता आणि नाटकहि झालें नसतें! यामुळें नाटकाची धार बोथट होते, असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. नाटककार रूढ अर्थाचें नाणें बाजारांत चालतें म्हणून तें चालवितो. टांकसाळ त्याची नसते. दोष असलाच तर टांकसाळीचा, म्हणजे आपल्या सर्वांचा आहे.

आपले पूर्वज याबाबतींत आपल्यापेक्षां अधिक डोळस होते, असें म्हणावें लागतें. रामायणांतील जटायु सीतेसाठीं लढतां लढतां पडतो, आणि प्रभु रामचंद्र आप्ताप्रमाणें त्याचें उत्तरकार्य करतात. त्याचा भाऊ संपाति पंख जळालेल्या स्थितींतहि समुद्रापलीकडची लंका पाहूं शकतो. गिधाडाची दूरदृष्टि ज्यानें प्रत्यक्ष न्याहाळली होती, त्यासच ही कल्पना सुचावी. महाभारताच्या शांतिपर्वांत गृध्र आणि गोमायु यांचा संवाद आहे. स्मशानांत आणलेल्या मृत बालकाच्या आप्तांस गिधाड सांगतें, 'दिवस आहे तोंवर घरीं जा'. कोल्हा सांगतो, 'सूर्य मावळेपर्यंत थांबा'. दोघांचाहि उपदेश तत्त्वज्ञानानें भरलेला आहे आणि दोघांचेंहि लक्ष त्या प्रेतावर आहे. कारण एक दिवसा खाणारा, तर दुसरा रात्रीं खाणारा. मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त प्रबंधध्वनीचें उदाहरण म्हणून याच संवादाचा निर्देश केला आहे. येथें गिधाड स्वार्थी आहे खरें, परंतु तो स्वार्थ त्याच्या दिनचर्येच्या अचूक निरीक्षणावर उभारलेला आहे. आणि 'हितोपदेशां'तील जरद्गवाची गोष्ट तर आज अंगावर कांटा आणते. एक आंधळें, म्हातारें गिधाड झाडाच्या ढोलींत राहून इतर पक्ष्यांच्या पिल्लांची राखण करीत असतें. दीर्घकर्ण नांवाचें मांजर गोड बोलून तेथें आश्रय मिळवितें, पिल्लें खातें, हाडें ढोलींत टाकतें आणि पसार होतें. हाडें सांपडल्यावर पक्षी गिधाडालाच अपराधी ठरवून मारून टाकतात. गुन्हा दुसऱ्याचा आणि मरण गिधाडाचें! ही कथा विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतवर्षांत खरी ठरावयाची होती.

आमच्या बालपणीं, म्हणजे १९७५-८० च्या सुमारास, आमच्या गांवाबाहेर मेलेलीं गुरें टाकण्याची एक जागा होती. तेथून जातांना नाकास पदर अथवा रुमाल लावण्याची पद्धति होती. पण तो बराच वेळ लावून ठेवावा लागत नसे. बैल टाकल्याची वर्दी आकाशांत कशी पोंचे तें कळत नसे. आधीं एक ठिपका दिसे, मग दहा, मग पन्नास. आणि मोठें जनावर असलें तरी थोड्या वेळांत हाडांचा सांपळा उरे. त्या पक्ष्याच्या जठरांतील आम्ल इतकें तीव्र असतें, कीं सडक्या मांसांतील रोगजंतु बहुधा तेथेंच नष्ट होतात. गांवाच्या आरोग्यखात्याचें हें काम पगार, निवृत्तिवेतन अथवा मानपत्र यांवांचून चाललें होतें. पांढऱ्या पाठीचें गिधाड हा त्या दशकांत जगांतील अत्यंत विपुल अशा मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकीं एक मानला जात असे. विपुलतेमुळेंच तें कोणाच्या नजरेंत भरलें नाहीं. कवीनें त्याच्यावर कविता केली नाहीं, आणि सरकारनें बराच काळ त्याची मोजदादहि केली नाहीं.

पुढें जें घडलें त्याचे आंकडे पाहूं. राजस्थानांत भरतपूर येथें केवलादेव उद्यान आहे. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश यांनीं १९८० नंतरच्या दशकांत तेथें पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या साडेतीनशेंवर जोड्या मोजल्या होत्या. १९९६ च्या सुमारास त्या निम्म्याहूनहि कमी भरल्या. फांद्यांवर बसलेले पक्षी मान खालीं लोंबकळत ठेवून दिवसचे दिवस स्वस्थ असत आणि एके दिवशीं खालीं पडत. नंतरच्या देशव्यापी मोजणींत असें आढळलें, कीं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत नऊशें नव्याण्णव या प्रमाणांत नाहींशीं झालीं, आणि लांब चोचीच्या दोन जाती शेंकडा सुमारें सत्त्याण्णव घटल्या. इतका वेगवान आणि इतका निःशब्द ऱ्हास पक्ष्यांच्या इतिहासांत क्वचितच नोंदला गेला असेल.

कारण कोणासच उमगेना. कीटकनाशकांवर संशय आला, अन्नाच्या तुटवड्यावर आला, एखाद्या नव्या विषाणूवर तर पुष्कळ काळ होता. अखेर लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी यांनीं पाकिस्तानांतील पंजाब प्रांतांत मृत गिधाडें तपासलीं. त्यांपैकीं शेंकडा पंचाऐंशींच्या शरीरांत आंतील इंद्रियांवर यूरिक आम्लाचा चुन्यासारखा पांढरा थर साचला होता. म्हणजे मूत्रपिंडें बंद पडलीं होतीं. नेहमींचीं विषें आणि नेहमींचे रोग एकेक करून वगळल्यावर त्यांनीं वेगळाच प्रश्न विचारला: गिधाडें जीं गुरें खातात, त्या गुरांस माणूस काय देतो? पशुवैद्यांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली तेव्हां एक नांव पुढें आलें: डायक्लोफिनॅक. मूत्रपिंडें बंद पडून मेलेल्या पंचवीस गिधाडांत हें औषध पंचवीसांतहि सांपडलें. अन्य कारणांनीं मेलेल्या तेरांत एकांतहि सांपडलें नाहीं. आपल्या नैयायिकांनीं ज्यास अन्वय आणि व्यतिरेक म्हटलें, त्याचें याहून सुबक उदाहरण वर्गांत देण्यास आम्हांस मिळालेलें नाहीं. पुढें हें औषध दिलेल्या जनावरांचें मांस पाळीव गिधाडांस घालून हीच गोष्ट प्रयोगानेंहि पडताळली. २००४ च्या आरंभीं 'नेचर' या नियतकालिकांत हा शोध प्रसिद्ध झाला. शास्त्रीय निबंधास वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, याविषयीं मतभेद असोत. परंतु कथानकाची बांधणी, संशयितांचें क्रमशः निरसन आणि शेवटीं अगदीं ओळखीचा चेहरा समोर येणें, या गुणांत तो निबंध कोणत्याहि रहस्यकथेस मागें टाकील.

चेहरा ओळखीचा, असें आम्ही म्हणालों तें अक्षरशः खरें आहे. डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक आहे. ज्याचे गुडघे पन्नाशीनंतर कुरकुरूं लागले त्या कोणत्याहि मराठी गृहस्थाच्या घरांत तें सांपडेल. हा लेख ज्या टेबलावर लिहीत आहों त्याच्या खणांत त्याची एक पट्टी या क्षणीं आहे. १९९० नंतरच्या दशकांत तें स्वस्त झालें आणि गोठ्यांत शिरलें. तें वाईट औषध नव्हे. लंगडणारा बैल, कास सुजलेली गाय, ताप भरलेली म्हैस यांस तें आराम देई. गुरांच्या शरीरांतून तें थोड्याच दिवसांत निघून जातें. परंतु तेवढ्या दिवसांत जनावर दगावलें, तर त्या प्रेतांत गिधाडाचें मरण शिल्लक राहतें. आणि अशीं प्रेतें पुष्कळ असावीं लागत नाहींत. एकाच जनावरावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो. त्यामुळें शंभर प्रेतांत एखाद्याहूनहि कमी प्रेत दूषित असलें तरी हा सारा संहार होण्यास तें पुरेसें आहे, असें पुढें गणितानें दाखविलें.

येथें स्वतःची एक आठवण सांगणें प्राप्त आहे. १९९६ च्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही गांवीं गेलों होतों. चुलत्यांच्या गोठ्यांत एक म्हातारा बैल होता. त्याचें नांव सर्ज्या. तेव्हां तो कामाचा उरला नव्हता. परंतु त्याला बाजार दाखविण्याचें पाप चुलत्यांच्या हातून होणें शक्य नव्हतें. त्याचा पुढचा पाय सुजला, तो बसला तो उठेना. चुलत्यांनीं तालुक्याहून गुरांच्या डॉक्टरांस आणलें. सुई दिल्यावर संध्याकाळीं सर्ज्या उभा राहिला आणि त्यानें चार काड्या खाल्ल्या. चुलत्यांच्या डोळ्यांस पाणी आलें तें आम्हीं पाहिलें आहे. दुसऱ्या दिवशीं दुपारीं सर्ज्या मेला. त्यास गाड्यावर घालून त्याच जागीं नेलें. आकाशांत त्या दिवशीं ठिपके आले, परंतु थोडे, बारा-पंधरा असतील. 'हल्लीं कमीच येतात' असें कोणीसें म्हणालें, आणि आम्ही घरीं परतलों. त्या बाटलींत कोणतें औषध होतें तें आम्हीं पाहिलें नाहीं. त्या काळीं पाहण्याचें कारणहि नव्हतें. परंतु २००४ नंतर तो प्रसंग आठवला म्हणजे आमच्या मनास स्वस्थता नसते. चुलत्यांनीं केलें त्यांत अधर्म कोणता? वैद्यानें केलें त्यांत तरी कोणता?

आमच्या मतें या कथेचें वाङ्मयीन महत्त्व येथें आहे. तींत खलपुरुष नाहीं. आपल्या सामाजिक वाङ्मयास खलपुरुषाची फार संवय लागली आहे. दुष्काळ आला कीं सावकार हवा, रोग आला कीं लांचखाऊ अधिकारी हवा. ते नसतात असें नव्हे; परंतु त्यांस शोधून काढलें म्हणजे विचार संपला, असा आपला समज होऊन बसतो. या कथेंत संहारास कारण झाली ती क्रूरता नव्हे, भूतदया होय. बैलाचें दुखणें पाहवलें नाहीं, म्हणून गिधाड मेलें. शोकांतिकेचें मर्म नायकाच्या दुष्टपणांत नसून त्याच्या गुणांतूनच त्याचा नाश ओढवतो यांत आहे, असें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. त्या सिद्धांताचें असें उदाहरण आपल्याच गोठ्यांत घडत असतांना मराठी लेखणीस त्याची चाहूल लागूं नये, याचा आम्हांस विषाद वाटतो. आणि त्या लेखणींत आमचीहि आलीच.

जें कांहीं लिहिलें गेलें तें बहुधा 'विज्ञान: शाप कीं वरदान' या शालेय निबंधाच्या वळणाचें. 'मानवाच्या हव्यासानें निसर्गाचा समतोल ढासळला' हें वाक्य लिहिलें कीं लेखक कृतकृत्य होतो. या वाक्यावर आमचा आक्षेप तें खोटें आहे असा नसून तें सर्वत्र सारखेंच बसतें, असा आहे. डायक्लोफिनॅकच्या बाबतींत शाप आणि वरदान एकाच बाटलींत होतें, आणि उपायहि विज्ञानाकडूनच आला. २००६ सालीं भारत, नेपाळ व पाकिस्तान यांनीं या औषधाचा गुरांसाठीं वापर बंद केला, आणि मेलॉक्सिकॅम हें त्याच जातीचें औषध गिधाडांस निर्धोक असल्याचें त्याच सुमारास सिद्ध झालें. माणसांसाठींच्या मोठ्या बाटल्या आडमार्गानें गोठ्यांत जात, म्हणून २०१५ मध्यें त्या एका मात्रेच्या लहान कुपीपुरत्या मर्यादित केल्या. २०२३ मध्यें केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक यांवरहि गुरांच्या बाबतींत बंदी आली. यांतील दुसरें तर गुरांच्या शरीरांत जाऊन डायक्लोफिनॅकच बनतें. सतरा वर्षें लागलीं तीं हव्यासामुळें कीं दुर्लक्षामुळें, हा प्रश्न त्या गुळगुळीत वाक्याच्या कक्षेंतच येत नाहीं.

गिधाडें गेल्यावर काय झालें, हेंहि थोडक्यांत सांगितलें पाहिजे. प्रेतें तशींच पडूं लागलीं. त्यांवर भटक्या कुत्र्यांचीं टोळकीं पोसलीं जाऊं लागलीं, पाणी नासलें. इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनीं २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असा अंदाज बांधला आहे, कीं २००० ते २००५ या काळांत गिधाडांच्या अभावीं भारतांत सुमारें पांच लाख माणसें अधिक मेलीं. मुंबईंत मलबार टेकडीवरील डुंगरवाडींत पारशी समाजास शतकानुशतकांच्या विधीसाठीं सूर्यकिरण एकवटणाऱ्या आरशांची मदत घ्यावी लागली. ज्यास आपण मढ्याच्या टाळूवरचें लोणी खाणारा म्हणून हिणविलें, तो आपल्या जिवंतांचा रक्षक होता, हें त्याच्या जाण्यानंतर आंकड्यांनीं सिद्ध करावें लागलें.

इंग्रजी वाङ्मयांत या विषयास वाट करून देणारे दोन ग्रंथ येथें आठवतात. रेचल कार्सन यांचा 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ सालीं निघाला. त्याचें नांव सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या मागोमाग, १९६४ मध्यें, रूथ हॅरिसन या इंग्रज बाईंनीं 'अ‍ॅनिमल मशीन्स' हा ग्रंथ लिहिला. त्यास प्रस्तावना कार्सनबाईंचीच आहे. पिंजऱ्यांत कोंबलेल्या कोंबड्या आणि अंधारांत वाढविलेलीं वासरें यांचें तें वर्णन वाचून ब्रिटिश सरकारनें ब्रँबेल समिति नेमली आणि १९६५ मध्यें तिचा अहवाल आला. कार्सनबाई शास्त्रज्ञ होत्या, हॅरिसनबाई नव्हत्या. परंतु दोघींच्याहि लेखनांत एक गुण समान आहे: आधीं वस्तु, मग भावना. कोणतें द्रव्य, कोणत्या मात्रेंत, कोणाच्या अंगांत, हें सांगून झाल्यावरच त्या वाचकाच्या अंतःकरणास हात घालतात. आपल्याकडे क्रम बहुधा उलट असतो. कार्सनबाईंच्या ग्रंथाचें अनुकरण करणाऱ्यांनीं एक सावधगिरी मात्र बाळगावी. तेथें बलाढ्य कारखानदार प्रतिपक्षास उभे होते. त्यामुळें त्या ग्रंथास युद्धाचा आवेश शोभला. आपल्या गिधाडाच्या कथेंत तो आवेश उसना आणावा लागेल, आणि उसना आवेश वाचकास लगेच ओळखूं येतो.

यापेक्षां अवघड विषय पुढेंच आहे. गिधाडाचें प्रेत निदान दिसतें तरी. पशुपालनांतील प्रतिजैविकांची कथा अशी आहे, कीं तींत डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं. १९५० च्या सुमारास अमेरिकेंत टॉमस ज्यूक्स आणि त्यांचे सहकारी यांस आढळलें, कीं कोंबड्यांच्या खाद्यांत ऑरिओमायसिनचा अंश असला तर त्या लवकर वाढतात. रोग नसतांना औषध देण्याची ही प्रथा जगभर पसरली. अल्प मात्रेंत औषध मिळालें तर जंतु मरत नाहींत, ते शहाणे होतात, हा इशारा पेनिसिलिनचे जनक फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांनाच दिला होता. १९६९ मध्यें ब्रिटनच्या स्वान समितीनें सांगितलें, कीं माणसांच्या उपचारास लागणारीं औषधें जनावरांस वाढीसाठीं देऊं नयेत. १९७६ मध्यें स्टुअर्ट लेव्ही यांनीं बोस्टनजवळच्या एका घरगुती कुक्कुटपालनांत प्रयोग करून दाखविलें, कीं खाद्यांत टेट्रासायक्लिन घातलेल्या कोंबड्यांत औषधास न जुमानणारे जंतु थोड्याच दिवसांत वाढतात, आणि कांहीं महिन्यांत तसेच जंतु त्या घरच्या माणसांच्या आंतड्यांतहि आढळतात. युरोपनें ही प्रथा पूर्णपणें बंद करण्यास २००६ साल उजाडलें. २०१५ मध्यें चीनमध्यें डुकरांत, मांसांत आणि रुग्णांतहि एक जनुक सांपडलें, जें कोलिस्टिन या अखेरच्या उपायासहि निष्प्रभ करतें आणि एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे सहज जाऊं शकतें. भारतानें २०१९ च्या जुलैंत अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांत व कोंबड्यांत कोलिस्टिनचा वापर बंद केला.

जनावरास दिलेल्या औषधाचा पुष्कळसा भाग शेणामुतांतून तसाच बाहेर पडतो. तें शेण खत होऊन शेतांत जातें, पावसानें ओढ्यांत उतरतें. आयव्हरमेक्टिनसारखीं जंतनाशकें शेणांत उतरलीं म्हणजे शेण फोडून मातींत मिसळणाऱ्या किड्यांच्या अळ्या मरतात. येथें आकाशांत ठिपके नाहींत, लोंबकळणाऱ्या माना नाहींत, रडणारा चुलता नाहीं. शहरांतील एखाद्या रुग्णालयांत जखम चिघळून कोणी दगावतो तेव्हां त्याच्या आणि एखाद्या खुराड्याच्या मधला रस्ता कोणाच्याहि डोळ्यांस दिसत नाहीं. तो रस्ता कल्पनेनें पाहावा लागतो. आणि जें डोळ्यांस दिसत नाहीं तें कल्पनेनें अचूक पाहणें, हें तर साहित्यिकाचें पूर्वापार काम आहे.

मराठींत निसर्गलेखनाची परंपरा दुबळी नाहीं. दुर्गाबाई भागवतांचें 'ऋतुचक्र' (१९५६) आहे, व्यंकटेश माडगूळकरांचें 'सत्तांतर' आहे, मारुती चितमपल्लींनीं तर उभें आयुष्य रानांत घालवून 'पक्षिकोश' सिद्ध केला. या लेखकांचें आमच्यावर ऋण आहे. तरीहि म्हणावेंसें वाटतें, कीं आपला निसर्ग पुष्कळदां रानांत सुरू होतो आणि रानांतच संपतो. आपल्या ग्रामीण कथेंत गोठा आहे, परंतु तो मायेचा आणि दारिद्र्याचा गोठा आहे. त्याच्या कोनाड्यांत ठेवलेल्या बाटलीवरचें नांव कोणी वाचून दाखवीत नाहीं. रान आणि गोठा यांच्यामधली ती वाट, जिच्यावरून मेलेलें जनावर ओढीत नेतात, ती आपल्या वाङ्मयांत ओसाडच आहे. ढोरें ओढणाऱ्यांवर तें काम समाजानें लादलें होतें आणि त्यांच्या अपमानाची कथा दलित वाङ्मयानें सांगितली. त्या कथनांत गिधाडेंहि येऊन जातात. पांढरपेशा लेखकास ती वाट बहुधा नाकास रुमाल लावूनच ठाऊक होती. आम्हीहि त्यांतलेच.

यावर एक आक्षेप येईल, तो जुनाच आहे: वाङ्मयानें प्रचार करावा काय? 'कलेसाठीं कला' कीं 'जीवनासाठीं कला' या वादांत फडके आणि खांडेकर यांच्या बाजूंनीं एक संपूर्ण पिढी झुंजली. त्या रणांगणांत पुन्हां उतरण्याचा आमचा मानस नाहीं. आम्हीं मागतों तो प्रचार नव्हे; औषधबंदीची सूचना कादंबरींत छापावी, असें आम्हीं म्हटलेलें नाहीं. आमची मागणी अचूकतेची आहे, आणि ती दोन्हीं पक्षांस मान्य व्हावी. महाभारतकारास गिधाड दिवसा खातें आणि कोल्हा रात्रीं, हें ठाऊक होतें. म्हणूनच त्या संवादास ध्वनि प्राप्त झाला. आज रूपक योजणाऱ्याचें ज्ञान त्या प्राचीन कवीहून कमी असावें, हें कलावाद्यांस कसें रुचेल? आणि पांच लाख मृत्यूंचें कारण ज्या भाषेंत सांगितलें गेलें नाहीं, ती भाषा जीवनवाद्यांस तरी पुरेशी कशी वाटेल?

आतां त्या मागच्या बांकावरील हाताकडे येऊं. तो विद्यार्थी रायगड जिल्ह्यांतील म्हसळा तालुक्यांतला. त्या तालुक्यांत चिरगांव येथें गिधाडांचीं घरटीं अद्याप आहेत, आणि गांवकऱ्यांनीं त्यांची राखण केली आहे. तास संपल्यावर तो आमच्याकडे आला. नाटक त्यास आवडलें होतें. फक्त नांवाविषयीं शंका होती. "सर, आमच्या बाजूला माणसाला गिधाड म्हटलं तर राग येतो, ते खरं. पण माझी आजी गिधाड झाडावर बसलेलं पाहिलं की हात जोडते. मी पेपरांत काय लिहूं?"

आम्हीं त्यास दोन्हीं लिहावयास सांगितलें. परीक्षकानें किती गुण दिले तें आम्हांस कळलें नाहीं. यंदा तेंच नाटक पुन्हां शिकवावयाचें आहे. पहिला तास आम्हीं पक्ष्यासाठीं राखून ठेवला आहे.